विशालकोन भिंग घ्यावे की नाही?



गेल्या दिवाळीच्या सुटीपूर्वीची गोष्ट आहे. दहावीच्या वर्गातील एक विद्यार्थी मधल्या सुटीत माझ्याकडे आला. हातात कागदाची घडी होती. तीवर एका भिंगाचे नाव, त्याची किंमत आणि शेजारी स्वतःच्या शिष्यवृत्तीच्या साठलेल्या पैशांची बेरीज मांडलेली होती. "सर, हे विशालकोन भिंग घ्यावे की घेऊ नये, तेवढे सांगा," असे तो म्हणाला. बाजारात ज्याला 'वाइड अँगल लेन्स' म्हणतात, तेच हे भिंग.

मी कारण विचारले. बडोद्याच्या जुन्या वस्तीत त्याच्या आजोळचा वाडा आहे. वाटेकऱ्यांनी तो विकावयाचे ठरविले होते. पावसाळ्यापूर्वी तो रिकामा करून द्यावयाचा होता, आणि त्यानंतर तो पाडला जाणार होता. आजी या वाड्यात लग्न होऊन आल्या, त्याला साठ वर्षे होऊन गेली. वाडा राहणार नाही, निदान त्याची चांगली छायाचित्रे तरी राहावीत, अशी या मुलाची इच्छा होती. मामांनी दिलेला डिजिटल कॅमेरा त्याच्याजवळ होता आणि कॅमेऱ्याबरोबर येणारे १८ ते ५५ मिलिमीटरचे नेहमीचे भिंग होते. परंतु खोल्या लहान, बोळ अरुंद. काही केल्या सगळे चौकटीत मावत नाही, अशी त्याची तक्रार होती. नव्या भिंगाची किंमत जवळजवळ त्याच्या कॅमेऱ्याइतकीच होती.

'होय' किंवा 'नाही' असे उत्तर मी तेव्हाच देऊ शकलो असतो. परंतु वाडा मी पाहिलेला नव्हता, आणि त्याने तो पाहिलेला असला तरी मोजलेला नव्हता. म्हणून मी त्याला एक मोजपट्टी आणावयास सांगितले. पुढे जे घडले त्यात आपल्या पाठ्यपुस्तकातील भूमितीचा, त्रिकोणमितीचा आणि प्रकाशाच्या प्रकरणाचा बराच भाग उपयोगी पडला. म्हणून ते सर्व येथे क्रमाने मांडीत आहे.

कोन कशाने ठरतो?

खोलीत उभे राहून खिडकीबाहेर पाहा. खिडकीपासून दूर उभे राहिलात तर बाहेरचा थोडासाच भाग दिसतो. खिडकीजवळ गेलात तर कितीतरी अधिक दिसते. खिडकी तीच, बाहेरचा देखावाही तोच. बदलले ते केवळ डोळ्याचे खिडकीपासूनचे अंतर. आता खिडकीच्या जागी कॅमेऱ्यातील संवेदक समजा. पूर्वीच्या कॅमेऱ्यात जेथे फिल्म असे तेथे डिजिटल कॅमेऱ्यात ही प्रकाशग्राही पट्टी असते. डोळ्याच्या आणि खिडकीच्या अंतराऐवजी भिंगाचे नाभीय अंतर घ्या. नाभीय अंतर जितके कमी, तितका दिसणारा कोन मोठा. विशालकोन भिंग म्हणजे कमी नाभीय अंतराचे भिंग, एवढाच त्याचा अर्थ.

या दृष्टांतावरून आणखी एक गोष्ट लक्षात येईल. डोळा तेथेच ठेवून खिडकी मोठी केली तरीही अधिक दिसते. म्हणून केवळ नाभीय अंतर सांगून भागत नाही. संवेदक केवढा आहे हेही पाहावे लागते. जुन्या फिल्मची चौकट ३६ मिलिमीटर रुंद व २४ मिलिमीटर उंच असे. १९२५ साली बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्यामुळे हे माप रूढ झाले. आज ज्यांना 'फुल फ्रेम' म्हणतात त्या कॅमेऱ्यांचा संवेदक एवढाच असतो. आपल्या विद्यार्थ्याच्या कॅमेऱ्याचा संवेदक मात्र २३.५ मिलिमीटर रुंद व १५.६ मिलिमीटर उंच होता. त्यामुळे त्याचे १८ मिलिमीटरचे भिंग मोठ्या संवेदकावरील २७ मिलिमीटरच्या भिंगाइतकाच कोन दाखवीत होते. दुकानात भिंगावरचा आकडा वाचून भुलू नये. तो आकडा आपल्या कॅमेऱ्यावर काय काम करील, हे विचारावे.

आता समरूप त्रिकोण आठवा. भिंगाच्या एका बाजूस संवेदक आणि दुसऱ्या बाजूस देखावा. दोन्ही बाजूंचे त्रिकोण समरूप असल्यामुळे पुढील प्रमाण मिळते:

देखाव्याची रुंदी : देखाव्याचे अंतर = संवेदकाची रुंदी : नाभीय अंतर

वस्तू अगदी जवळ नसेल तर हे प्रमाण व्यवहारास पुरेसे अचूक आहे. आपल्या विद्यार्थ्याच्या कॅमेऱ्यासाठी त्याचे फळ असे निघते. ५५ मिलिमीटरवर देखाव्याची रुंदी अंतराच्या ०.४३ पट असते, १८ मिलिमीटरवर १.३ पट, आणि १० मिलिमीटरवर २.३५ पट. उंचीसाठी १५.६ हा आकडा घेतला, म्हणजे १८ मिलिमीटरवर उंची अंतराच्या ०.८७ पट आणि १० मिलिमीटरवर १.५६ पट येते. कोनाच्या भाषेत सांगावयाचे तर १८ मिलिमीटरचे भिंग आडवे ६६ अंश पाहते आणि १० मिलिमीटरचे ९९ अंश. दहा आणि अठरा यांतील अवघ्या आठ मिलिमीटरांनी केवढा फरक पडतो हे पाहण्यासारखे आहे. ५५ मधून ८ वजा केले असते तर कोणाच्या ध्यानातही आले नसते.

वाड्याचे मोजमाप

रविवारी आम्ही दोघे मोजपट्टी घेऊन वाड्यात गेलो. आजींनी आधी चहा पुढे केला आणि मग प्रत्येक खोलीची माहिती सांगत बरोबर फिरल्या. मुलाने वहीत तीन रकाने आखले: काय टिपावयाचे, ते किती रुंद व उंच आहे, आणि मागे सरकण्यास किती जागा आहे.

पहिली वाड्याची दर्शनी बाजू. रुंदी १२ मीटर, उंची ८ मीटर. समोरचा बोळ ५ मीटरांचा. नेहमीच्या भिंगाने बोळातून साडेसहा मीटर रुंदीच मावणार होती. विद्यार्थी म्हणाला, "पाहा सर, येथे विशालकोन भिंगाशिवाय गत्यंतर नाही." मी म्हटले, "गणित पुरे कर." त्याने १० मिलिमीटरचा हिशेब केला. रुंदी आली ११.७५ मीटर, म्हणजे एवढे किमती भिंग घेऊनही वाड्याची एक कड कापली जाणार होती. उंचीचे तर त्याहून वाईट. कॅमेरा सरळ धरला की चौकटीचा निम्मा भाग डोळ्याच्या पातळीखाली जातो. दीड मीटर उंचीवर कॅमेरा धरला तर वरचे साडेपाच मीटरसुद्धा दिसणार नव्हते. कॅमेरा वर कलवला तर वाडा मावेल, पण त्याचे उभे खांब वर एकमेकांकडे झुकलेले दिसतील आणि वाडा मागे पडत असल्यासारखा भासेल.

मग आम्ही मागे वळून पाहिले. समोरच्या घरापुढे पाच मीटरांचे अंगण होते, त्यामागे घर आणि घराला पहिल्या मजल्यावर सज्जा. समोरच्या काकूंनी आनंदाने वर येऊ दिले. सज्जापासून वाड्याचे अंतर भरले १० मीटर. १० गुणिले १.३, म्हणजे १३ मीटर रुंदी. १० गुणिले ०.८७, म्हणजे ८.७ मीटर उंची. शिवाय सज्जात उभे राहिल्यावर कॅमेरा जमिनीपासून साडेचार मीटरांवर, म्हणजे वाड्याच्या उंचीच्या जवळजवळ मध्यावर येत होता. त्यामुळे तो कलवण्याची गरजच उरली नाही. जे छायाचित्र दहा मिलिमीटरच्या भिंगाला बोळातून साधले नसते, ते घरच्या भिंगाला सज्जातून साधले. त्याला एक पैसाही लागला नाही. काकूंना हाक मारण्याचे तेवढे कष्ट पडले.

दुसरा चौक. पाच मीटर लांब व पाच मीटर रुंद. एका कोपऱ्यात उभे राहून समोरच्या दोन्ही बाजू एकदम पाहावयाच्या तर ९० अंशांचा कोन हवा. ६६ अंशांत ते बसत नाही. यावरचा उपाय पुढे सांगतो.

तिसरे माजघर. देवघराचा कोनाडा असलेली त्याची भिंत साडेचार मीटर लांब आणि समोरच्या भिंतीला पाठ टेकून उभे राहिले तर अंतर २.६ मीटर. १८ मिलिमीटरने मावणार ३.४ मीटर. दाराबाहेर ओसरीवर जाऊन पाहिले, तर दाराची चौकटच आड येई. येथे मात्र मागे सरकण्यास खरोखरीच जागा नव्हती. प्रमाण उलटे मांडून किती नाभीय अंतर हवे ते काढले: २३.५ गुणिले २.६ भागिले ४.५, उत्तर आले साडेतेरा मिलिमीटर. विशालकोन भिंगाची खरी गरज वाड्यात प्रथम येथे दिसली. अशीच दुसरी जागा निघाली ती अंधाऱ्या जिन्याची.

सारांश, सबंध वाड्यात दोन जागा अशा निघाल्या की जेथे या भिंगाला सहज पर्याय नव्हता. मोजण्यापूर्वी त्याला सगळाच वाडा तसा वाटत होता.

भिंग काय करते व काय करीत नाही

विशालकोन भिंगाने जवळची वस्तू फार मोठी आणि दूरची फार लहान दिसते, असे सर्वत्र सांगितले जाते. हे अर्धेच खरे आहे. वस्तूंच्या आकारांचे परस्पर प्रमाण भिंगावर अवलंबून नसते. ते आपण कोठे उभे आहोत यावर असते. दोन सारख्या उंचीची मुले घ्या. एक आपल्यापासून १ मीटरवर आणि दुसरे ३ मीटरवर उभे असेल, तर पहिले दुसऱ्याच्या तिप्पट मोठे दिसेल. आता तुम्ही तीन मीटर मागे सरका. अंतरे झाली ४ आणि ६. पहिले आता दुसऱ्याच्या केवळ दीडपट दिसेल. भिंग कोणतेही असो, हे प्रमाण बदलत नाही. चित्रकलेच्या तासाला तुम्ही यथार्थदर्शन शिकता, त्याचाच हा नियम आहे.

मग विशालकोन भिंगाचा दोष तो कोणता? ते आपल्याला जवळ जाऊ देते, इतकाच. आणि गुणही तोच. ज्याला मागे सरकता येते त्याने हे भिंग लावून दुरूनच छायाचित्र घेतले, तर पुढे ओसाड जमीन, वर रिकामे आकाश आणि मध्ये काडेपेटीएवढे घर, एवढेच हाती येते. 'अधिक मावावे' म्हणून हे भिंग घेणाऱ्यांची बहुधा याच ठिकाणी निराशा होते. ते घ्यावयाचे ते जवळ जाण्यासाठी.

एक दोष मात्र खास भिंगाच्या पदरी पडतो. तो म्हणजे कडेचा ताण. सरळ रेषा सरळ दाखविणाऱ्या भिंगात चौकटीच्या मध्यापासून जसजसे दूर जावे तसतशा गोल वस्तू बाहेरच्या दिशेने ताणल्या जातात. हा ताण किती, ते त्रिकोणमितीने काढता येते: १ ला त्या कोनाच्या कोसाइनने भागावे. १० मिलिमीटरच्या भिंगाची उजवी कड मध्यापासून जवळजवळ ५० अंशांवर येते. ५० अंशांचा कोसाइन ०.६४, म्हणून ताण सुमारे दीडपट. १८ मिलिमीटरची कड ३३ अंशांवर आणि तेथील ताण सुमारे १.२ पट. समूहछायाचित्रात कडेला बसविलेल्या काकांचे गाल एकाएकी का सुटलेले दिसतात, याचे उत्तर यात आहे. यावरून एक व्यवहाराचा नियम निघतो: विशालकोन भिंगाने माणसे टिपताना त्यांना मध्याजवळ घ्यावे आणि कडेला भिंती, झाडे, खांब असे काही येऊ द्यावे.

यातील एक गंमत मुद्दाम सांगतो. हा ताण गोल आणि उठावदार वस्तूंनाच जाचतो. सपाट भिंतीसमोर कॅमेरा अगदी समांतर धरला तर भिंतीवरील प्रत्येक भाग सारख्याच प्रमाणात लहान होऊन उमटतो. आपल्या रावपुऱ्यातील तांबेकर वाडा तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. एकोणिसाव्या शतकात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा हा वाडा भित्तिचित्रांसाठी प्रसिद्ध आहे आणि आज तो पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. अशा वाड्याच्या खोलीत, आधी परवानगीचे नियम विचारून, एखाद्या भिंतीचे छायाचित्र घ्यावयाचे असेल, तर विशालकोन भिंग भित्तिचित्राला बाधा आणणार नाही. मात्र त्याच भिंतीपुढे कडेला उभा केलेला तुमचा मित्र दीडपट रुंद होईल.

पैसे खर्च करण्यापूर्वी

कोणतीही वस्तू घेण्यापूर्वी तिचे काम घरातल्या वस्तूंनी कितपत होते, हे पाहावे. या बाबतीत चार गोष्टी करता येतात.

पहिली, जुनी छायाचित्रे तपासणे. डिजिटल कॅमेरा प्रत्येक छायाचित्राबरोबर वापरलेले नाभीय अंतर नोंदवून ठेवतो. आपल्या विद्यार्थ्याने वर्षभराची छायाचित्रे उघडून पाहिली. त्यांतील बरीचशी ५५ मिलिमीटरच्या टोकाला, माणसांच्या चेहऱ्यांची होती. १८ मिलिमीटरवर घेतलेली थोडी. आणि त्यांतही मागे सरकण्यास जागाच नव्हती अशी बोटांवर मोजण्याइतकी. हा त्याचा स्वतःचा पुरावा होता, आणि तो त्याच्याच मागणीविरुद्ध जात होता.

दुसरी, मोबाईल. आजच्या अनेक मोबाईलांत '०.५' असे चिन्ह असलेले जादा भिंग असते. त्यांपैकी पुष्कळांचा कोन मोठ्या संवेदकावरील सुमारे १३ मिलिमीटरच्या भिंगाइतका असतो. त्याचा संवेदक इवलासा असल्यामुळे अंधाऱ्या खोलीत छायाचित्र मळकट येते हे खरे. परंतु विशाल कोनाने जग कसे दिसते, तो देखावा आपल्याला आवडतो का, याची परीक्षा त्यावर फुकट होते. आठ दिवस तसा सराव करून पाहावा.

तिसरी, जोडछायाचित्र. चौकासाठी आम्ही हीच युक्ती केली. कॅमेरा उभा धरला की १८ मिलिमीटरचे भिंग आडवे ४७ अंश पाहते. एक छायाचित्र घ्यावे, मग कॅमेरा थोडा फिरवून दुसरे, मग तिसरे. प्रत्येक वेळी आधीच्या छायाचित्राचा तिसरा हिस्सा पुढच्यात येऊ द्यावा. म्हणजे दर वेळी ३१ अंश नवे मिळतात. ४७, ३१ आणि ३१ मिळून १०९ अंश होतात आणि चौकाचे ९० अंश त्यात सुखाने मावतात. ही तीन छायाचित्रे संगणकावर जोडावयाची. 'हगिन' या नावाची विनामूल्य प्रणाली हे काम उत्तम करते. पथ्ये एवढीच: तिन्ही छायाचित्रांत प्रकाशाचे माप एकच ठेवावे, आपण स्वतः न फिरता कॅमेरा भिंगाभोवती फिरवावा, आणि त्या वेळी चौकातून कोणी चालू नये. आमच्या पहिल्या प्रयत्नात मांजर आडवे गेले आणि जोडणीत त्याला दोन शेपट्या आल्या. दुसऱ्या प्रयत्नात चौक नीट जुळला. माजघरात मात्र ही युक्ती फसली. तेथे लाकडी खांब कॅमेऱ्यापासून हातभरच दूर होता. कॅमेरा किंचित जरी सरकला तरी खांब मागच्या भिंतीवर वेगळ्या जागी दिसे आणि जोड तुटे.

चौथी गोष्ट, भाड्याने आणणे. शहरांत छायाचित्रणाचे साहित्य दिवसाच्या भाड्याने मिळते. वर्षातून दोन दिवस लागणारी वस्तू दोन दिवसांपुरती आणावी. लग्नासाठी आपण मोठी पातेली भाड्याने आणतो. विकत घेत नाही.

ही भिंगे एवढी महाग का, असाही प्रश्न विद्यार्थ्याने केला होता. ज्या कॅमेऱ्यात आरसा असतो, त्यात भिंग संवेदकाच्या फार जवळ नेता येत नाही; आरसा हलण्यास जागा सोडावी लागते. निकॉनच्या अशा कॅमेऱ्यांत भिंग बसविण्याच्या कड्यापासून संवेदकापर्यंत ४६.५ मिलिमीटर अंतर आहे. नाभीय अंतर १० मिलिमीटर हवे आणि भिंग तर एवढे दूर, ही अडचण पुढच्या बाजूस मोठी अंतर्गोल भिंगे बसवून सोडवितात. फ्रान्समधील पिअर आँजेन्यू यांनी १९५० साली छायाचित्रणाच्या कॅमेऱ्यांसाठी अशी रचना बाजारात आणली. काचांची संख्या वाढली, म्हणून वजन वाढले आणि किंमतही. आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांत हे अंतर बरेच कमी असते, त्यामुळे तेथे विशालकोन भिंग लहान करणे सोपे जाते.

आजींचा अभिप्राय

शेवटी माजघर आणि जिना यांसाठी विद्यार्थ्याने एका दिवसाच्या भाड्याने विशालकोन भिंग आणले. छायाचित्रे उत्तम आली. माजघराची सबंध भिंत, देवघराचा कोनाडा, फडताळ, खांब, वरची तुळई, सगळे एका चौकटीत होते. त्याने मोठ्या आकाराची प्रत काढून आजींना दाखविली. आजींनी ती बराच वेळ न्याहाळली आणि म्हणाल्या, "हा कुणाचा दिवाणखाना रे? आमचे माजघर एवढे कुठे होते? चार पाट मांडले की पाचव्याला जागा नसायची. पाचवी मीच, म्हणून मागाहून जेवायची."

मुलगा हिरमुसला. पण आजींचे म्हणणे शास्त्राच्या कसोटीला उतरणारे होते. छायाचित्रातील यथार्थदर्शन खऱ्यासारखे वाटावयाचे तर ते एका ठराविक अंतरावरून पाहावे लागते. ते अंतर म्हणजे नाभीय अंतर गुणिले छायाचित्र जितके पट मोठे केले तो आकडा. आजींच्या हातातील प्रत ३० सेंटिमीटर रुंद होती, म्हणजे संवेदकाच्या सुमारे तेरापट. भिंग १० मिलिमीटरवर ठेवून छायाचित्र घेतले होते. तेव्हा ते डोळ्यांपासून १३ सेंटिमीटरांवर धरावयास हवे होते! इतक्या जवळून कोण पाहतो? आपण हातभर अंतरावरून पाहतो, आणि म्हणून समोरची भिंत दूर गेल्यासारखी आणि खोली ऐसपैस झाल्यासारखी वाटते. घरे विकणाऱ्यांच्या जाहिरातींतील खोल्या प्रत्यक्षाहून मोठ्या दिसतात, त्यांतही पुष्कळदा हीच युक्ती असते. तेथे ती दुकानदारी म्हणून चालून जाते. परंतु आपल्याला स्मृती जतन करावयाची होती. ज्या खोलीत पाचव्या पाटाला जागा नव्हती, ती खोली प्रशस्त दाखविणारे छायाचित्र रेषेने अचूक असले, तरी आजींच्या साठ वर्षांना ते धरून नव्हते.

म्हणून तो पुन्हा गेला. नेहमीचे भिंग लावले, दाराशी उभा राहिला आणि भिंतीचा मावेल तेवढाच भाग घेतला: कोनाडा, एक खांब, आणि चौकटीच्या मध्याशी पाटावर बसलेल्या आजी. मागे भिंत, पुढे खांब, मध्ये माणूस. खोलीची अडचण पाहताक्षणी कळते. आता वहीत दोन्ही छायाचित्रे समोरासमोर लावलेली आहेत. खाली लिहिले आहे: माजघर, लांबी ४.५ मीटर, रुंदी ३ मीटर. एक छायाचित्र काय काय होते ते सांगते, दुसरे ते कसे होते ते सांगते. आणि आकडे दोघांनाही आवर घालतात.

भिंग त्याने विकत घेतले नाही. साठलेल्या पैशांतील थोड्या भागातून सर्व वाटेकऱ्यांना एकेक संग्रह छापून दिला. मोजमापाच्या वहीवरून काढलेला वाड्याचा नकाशाही त्यात आहे. वाडा उतरविण्यापूर्वी त्याच्या प्रत्येक खोलीची लांबीरुंदी कोणी मोजून ठेवली नसती. भिंगाच्या प्रश्नामुळे ती मोजली गेली.

मग कोणी घ्यावे?

यावरून विशालकोन भिंग निरुपयोगी आहे असा अर्थ कोणी काढू नये. ज्याला वारंवार इमारतींच्या आतील छायाचित्रे घ्यावी लागतात, ज्याचा वावर अरुंद गल्ल्यांत आणि गर्दीच्या मिरवणुकींत आहे, ज्याला कार्यक्रमाच्या मंडपात माणसांच्या मध्ये शिरून काम करावे लागते, त्याने ते अवश्य घ्यावे. आकाशाच्या अभ्यासकासही ते फार उपयोगी. पृथ्वी फिरत असल्यामुळे फार वेळ छिद्र उघडे ठेवले की तारे रेघांसारखे उमटतात. हौशी निरीक्षक ५०० ला मोठ्या संवेदकाच्या मानाने येणाऱ्या नाभीय अंतराने भागून सेकंदांची मर्यादा ठरवितात. आपल्या कॅमेऱ्यावर १८ मिलिमीटरला ती सुमारे १८ सेकंद येते आणि १० मिलिमीटरला ३३ सेकंद. आकाशगंगेसाठी हा फरक मोठा आहे.

परंतु साधन मर्यादित असले म्हणजे काम मर्यादित होते असे नाही. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचा जन्म १९१३ साली नवसारीस झाला. आयुष्याच्या उत्तरार्धात त्या आपल्या बडोद्यातच राहिल्या आणि २०१२ साली येथेच निवर्तल्या. त्यांनी वापरलेल्या कॅमेऱ्यांत रोलायफ्लेक्स होता आणि त्या कॅमेऱ्याचे भिंग बदलता येत नाही. फ्रान्सचे आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी तर आपले बहुतेक काम ५० मिलिमीटरच्या एकाच भिंगाने केले. अधिक हवे असेल तर मागे सरकणे आणि कमी हवे असेल तर पुढे जाणे, हाच त्यांचा मार्ग.

तेव्हा मित्रांनो, असा प्रश्न तुमच्यापुढे येईल तेव्हा स्वतःला क्रमाने चार गोष्टी विचारा. मला नेमके काय टिपावयाचे आहे? तेथे मागे सरकण्यास जागा खरोखरीच नाही काय? हे काम वर्षातून किती वेळा पडते? आणि त्या भिंगाने घेतलेले छायाचित्र त्या जागेशी प्रामाणिक राहील काय? पहिल्या तिहींची उत्तरे मोजपट्टी, गणित आणि तुमचीच जुनी छायाचित्रे देतील. चौथीचे उत्तर मात्र त्या जागेत राहिलेल्या माणसालाच विचारावे लागेल. आमच्या बाबतीत ते आजींनी दिले.